अर्धे कागद इंद्रायणीत

समजा, कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत तुमचं नाव लागलंय. कंपनी चाकणची, वर्षाला सव्वाचार लाख. फार नाहीत, पण घरात पहिल्यांदाच कुणाच्या तरी नावावर महिन्याच्या महिन्याला पगार येणार आहे. आईने गल्लीत पेढे वाटलेत. मावशीने स्टेटसला तुमचा टाय घातलेला फोटो ठेवलाय. आणि तुम्ही एका संध्याकाळी घरी फोन करून सांगता, 'मी जॉइन होणार नाही. मला आळंदीला जायचंय, कीर्तन शिकायला.'

माझ्या एका मित्राने हे खरंच केलंय. त्याचं नाव सांगणार नाही, त्या अटीवरच त्याने मला हे लिहू दिलंय. बार्शीकडचा आहे, चार वर्षं पुण्यात मेकॅनिकल केलं, बॅकलॉग एकही नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय. कारण ही बातमी कळल्यावर आमच्या ग्रुपमधला पहिला प्रश्न होता, 'केटी लागली का रे त्याला?' दुसरा प्रश्न, 'ब्रेकअप?' तिसरा माझा होता. मी विचारलं, 'तुला काउन्सेलरकडे जायचंय का? मी येते सोबत.' तो हसला आणि म्हणाला, 'तू पण?'

तेव्हा मला थोडी लाज वाटली, आणि नंतर जास्त. आपल्या आजूबाजूला बघा ना. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून चार-चार, पाच-पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देणारे आपले मित्र आहेत. हातात काही लागेल याची खात्री नाही, घरचा पैसा चाललाय, वय चाललंय. त्यांना कुणी काउन्सेलर सुचवत नाही. नोकरी सोडून स्टार्टअप काढणाऱ्याची तर आम्ही याच पानावर मुलाखत छापतो, फोटोसकट. अनिश्चितता आपल्याला चालते. अनिश्चिततेचं कारण 'देव' असेल तर मात्र आपण डॉक्टर शोधतो.

मी स्वतः फार देवभोळी नाही. आईने सांगितलं तर चतुर्थीचा उपवास करते, साबुदाण्याची खिचडी आवडते म्हणून. त्यामुळे हा लेख 'भक्तीचा महिमा' वगैरे नाही. मला फक्त समजून घ्यायचं होतं की हाती आलेली खात्री सोडून, मनापासून, पूर्णवेळ देवाच्या मागे जाणं म्हणजे नेमकं काय सोडणं. आणि त्याची किंमत कोण मोजतं.

आधी आळंदीचं सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. तिथे वारकरी शिक्षण संस्था आहे, विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये सुरू केलेली. अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे इंजिनिअरिंगएवढाच. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन, प्रवचन. फी नाही. माधुकरी मागून जेवायची तिथली जुनी रीत आहे. माधुकरी म्हणजे काय हे मी ऑफिसात तिघांना विचारलं, एकालाच माहीत होतं. घरोघर जाऊन शिजलेलं अन्न मागायचं. कॅम्पस इंटरव्ह्यूला फॉर्मल्स घालून गेलेला मुलगा उद्या कुणाच्या तरी दारात उभा राहून भाकरी मागेल, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर ते येतं. तिथेच ती अडकलीय.

काकूंचा मला फोन आला होता. 'तू तरी सांग गं त्याला. तुझं ऐकतो तो.' मग म्हणाल्या, 'चाकण काय लांब हाय का आळंदीपासून? नोकरी कर, शनिवार-रविवार कीर्तन कर. कोण नको म्हणतंय?' मला हे एकदम पटलं. इतकं पटलं की मी लगेच त्याला फोन लावला.

तो म्हणाला, 'सगळे हेच म्हणतात. पण मला जे करायचंय ते उरलेल्या वेळात करायचं नाहीये.'

'पण तुला देव पाहिजे म्हणून नोकरी नकोय, की नोकरी नको म्हणून देव पाहिजे?' मी विचारलं. पत्रकारितेच्या वर्गात शिकवलेला प्रश्न म्हणून नाही, खरंच विचारलं.

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी मेसेज आला. 'दोन्ही असेल थोडं थोडं. पण नुसती नोकरी नको असती तर मी झोपलो असतो. पहाटे साडेचारला उठलो नसतो.' हे खरं आहे. होस्टेलवर तो साडेचारला उठून गच्चीवर पाठांतर करायचा आणि आम्ही त्याच्या नावाने मीम्स करायचो. एकदा म्हणाला होता, 'अभंग म्हणताना कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. मशीन ड्रॉइंग काढताना नाही वाटत.' यावर वाद घालता येत नाही. वाटतं तर वाटतं.

मी ज्या डेस्कवर इंटर्न आहे तिथे आषाढीच्या आधी 'तरुण वारकरी' हा विषय दरवर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतो. यंदा माझ्या. म्हणून मी देहूला गेले. गाथा मंदिराच्या भिंतींवर संगमरवरात चार हजारांहून जास्त अभंग कोरलेत. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. मीही काढला. मग खाली घाटावर जाऊन बसले. इंद्रायणीची अवस्था काय आहे ते वेगळं सांगायला नको, बातम्यांमधला तो पांढरा फेस तुम्ही पाहिला असेलच. पण तुकोबांची गोष्ट सुरू होते ती या पाण्यातच.

आपल्याला शाळेपासून एक गोष्ट पाठ आहे. रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या. पण त्याच्या कितीतरी आधी याच नदीत दुसरे कागद बुडाले होते. त्याविषयी आपण फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

तुकोबा गरीब घरचे नव्हते. ही आपली पहिली गैरसमजूत. देहूच्या पेठेची महाजनकी घरात होती, शेती होती, दुकान होतं, सावकारी होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारी होती आणि विठ्ठलाचं स्वतःचं देऊळही होतं. म्हणजे देव आणि पैसा दोन्ही वारसाहक्काने आलेले. थोरले भाऊ सावजी विरक्त निघाले, बायको गेल्यावर तीर्थयात्रेला निघून गेले. त्यामुळे धंद्याचा भार मधल्या तुकारामावर अगदी पोरवयात आला. त्याने तो उचलला, चालवलाही. मग आई-वडील गेले. आणि 1630च्या आसपास दख्खनेत तो भयानक दुष्काळ पडला. ढोरं मेली, दुकान बसलं. पहिली बायको रखमाबाई अन्नान्न करून गेली, तिच्यामागे मुलगाही गेला. हे तुकोबांनी स्वतःच अभंगांतून सांगितलंय, कुणी नंतर रचलेलं नाही. त्यात दिवाळं निघाल्याची लाजसुद्धा आहे. विशीतला मुलगा होता तो. आपल्याच वयाचा.

आता लक्ष द्या. धंदा बुडालेल्या माणसाकडे काय उरतं? येणं. लोकांना दिलेलं कर्ज. कागदावर ते सगळं होतं, कर्जखतं घरात होती. दुष्काळ संपला की हळूहळू वसुली करून पुन्हा उभं राहता आलं असतं. व्यवहार म्हणून त्यात काही चूक नव्हती. आजचा कुठलाही सीए हाच सल्ला देईल.

तुकोबांनी ती खतं काढली. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझाही संसार आहे, माझं काय? तेव्हा वाटणी झाली. अर्धी खतं कान्होबाच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडली. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात ही गोष्ट आहे आणि देहूत ती अजून सांगतात.

गाथा वर आली असं सगळे सांगतात. खतं वर आल्याचं कुणी सांगत नाही.

घाटावर बसून माझ्या डोक्यात दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे, ती खतं बुडाली तेव्हा फक्त तुकोबा मोकळे झाले नाहीत. दुष्काळातून कसंबसं वाचलेली जी माणसं त्या कागदांवर अंगठे देऊन बसली होती, तीही त्याच क्षणी मोकळी झाली. आपण 'संसाराची आसक्ती सोडली' असं गोड बोलतो, पण तो गावातल्या लोकांच्या दृष्टीने सरळ कर्जमाफीचा दिवस होता. देवाच्या मागे जायचं तर मागे कुणाच्या मानेवर आपला पाय राहता कामा नये, असा काहीसा हिशेब त्यात दिसतो. दुसरी गोष्ट कान्होबाची. तुकोबांनी भावाला 'तूही सोड' असा आग्रह केला नाही, त्याच्या वाट्याला हातही लावला नाही. स्वतःच्या वाट्याचंच बुडवलं.

आणि मग तिसरी गोष्ट आली, जी तिथून निघून बसमध्ये बसल्यावरही डोक्यातून जाईना. त्या अर्ध्या वाट्यात जिजाईचा वाटा नव्हता का?

जिजाई म्हणजे आवली, तुकोबांची दुसरी बायको. पुण्याच्या सावकाराची लेक. लग्न करून देताना तिच्या वडिलांनी देहूचं दुकान बघितलं असणार, भामनाथाचा डोंगर नाही. कीर्तनकार तिला हमखास हशा पिकवायला वापरतात: कजाग, तोंडाळ, नवऱ्याच्या मागे लागलेली. पण तुम्ही तिच्या जागी उभे राहा. पोरं अंगावर, घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरण करत बसलाय. ती काय करायची? शिव्या द्यायची आणि मग भाकरी बांधून डोंगर चढायची. रोज. तो जेवल्याशिवाय ती जेवायची नाही, असं सांगतात. तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला प्रत्यक्ष विठोबा आला, अशी कथा आहे. कथा खरी-खोटी बाजूला ठेवा. ज्या लोकांनी ती रचली आणि चारशे वर्षं सांगितली, त्यांना कुठेतरी कळत होतं की या सगळ्यात काटा कुणाच्या पायात होता.

प्रभातचा 1936चा 'संत तुकाराम' यूट्यूबवर बघा, खरंच बघा. ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून सोडू नका. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम गोड आहेच, पण गौरी यांची जिजाई बघताना मी मोबाइल खाली ठेवला. मुलाच्या आजारपणात ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला जाब विचारायला. माझ्या मते त्या सिनेमातली ती सगळ्यात मोठी भक्त आहे. ज्याच्याशी भांडायला जाता येतं, तो देव तिच्यासाठी खराच असणार ना?

आणि हेही लक्षात घ्या की तुकोबांनी संन्यास घेतला नाही. घर सोडून ते काशीला गेले नाहीत. शेवटपर्यंत देहूत राहिले, त्याच घरात, त्याच बायकोबरोबर. त्यांनी सोडली ती सावकारी. वारकरी पंथाचा सगळा कणाच असा आहे. शेती करा, पोरंबाळं सांभाळा, आषाढीला चालत या, परत जाऊन कोळपणी करा.

सर्व सोडून निघून जाण्याचं काय होतं, याची गोष्ट तर आळंदीतच आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत. घरात बायको असताना काशीला जाऊन संन्यास घेतला, गुरूंना लग्न झाल्याचं सांगितलं नाही. गुरूंना कळल्यावर त्यांनी परत पाठवलं. मग गावाने वाळीत टाकलं, चारही मुलांना 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलं आणि शेवटी नवरा-बायकोने प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला. ज्या ज्ञानेश्वरांच्या नावाने माझा मित्र आळंदीला निघालाय, त्यांचं बालपण असं गेलं. देवाच्या मागे जाण्याचा निर्णय एकाने घेतला आणि तो लपवून घेतला, म्हणून. हे मी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, 'म्हणूनच तर मी आधी घरी सांगितलं. पळून गेलो असतो तर सोपं होतं.'

आणखी एक घर सांगते, कारण तिथे बायकोची बाजू बायकोनेच लिहून ठेवलीय. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. शाळेत एखादा धडा वाचला असेल, पण पूर्ण पुस्तक हातात घ्या. नारायण वामन टिळक, आपल्याला 'फुलांमुलांचे कवी' म्हणून माहीत असलेले. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळातल्या चित्पावन ब्राह्मण घराच्या दृष्टीने हे मरणाहून वाईट होतं. नातलग, मान, नोकऱ्यांची दारं, सगळं एका दिवसात बंद. आणि लक्ष्मीबाई? त्या मागे राहिल्या, लहान मुलाला घेऊन, नातेवाइकांच्या आश्रयाला.

मला आवडतं ते पुढचं. त्या नवऱ्यामागे लगेच गेल्या नाहीत. नवऱ्यावर जीव होता, ते पानापानावर दिसतं, पण धर्म हा काही नवऱ्याने आणून दिलेला खण नव्हे. अहमदनगरला टिळकांकडे राहायला आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं ठेवलं होतं. मग जातपात ही माणसाने केलेली आहे हे त्यांचं त्यांना उमगलं आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं घेतली. स्वतःच्या डोक्याने घेतली. टिळकांनी वाट पाहिली, याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

पण टिळक तिथेही थांबले नाहीत, आणि आपल्या विषयाला धरून महत्त्वाचं ते हे. मिशनची नोकरी होती, पगार होता, 'ज्ञानोदय'चं संपादन होतं, नाव होतं. 1917 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यांना एतद्देशीय संन्याशासारखं, कुणाचाही नोकर न होता ख्रिस्ताचं काम करायचं होतं. भजन-कीर्तन तर ते आधीपासून मराठीतच रचत होते, तुकोबांच्या वळणाने. दोन वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. म्हणजे सुरक्षितता त्यांनी एकदा नाही, दोनदा सोडली: पहिल्यांदा धर्म बदलताना आणि दुसऱ्यांदा त्या नव्या धर्मातच स्थिर झाल्यावर. लक्ष्मीबाईंनी पुढे त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिलं, ज्यात नवऱ्याच्या साधुत्वाची पूजाही आहे आणि यथेच्छ थट्टाही. जिजाईला लिहिता येत असतं तर, असं मला ते पुस्तक वाचताना सारखं वाटत राहिलं.

बाय द वे, तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती केडगाव चौफुल्यावरून. तिथून आत पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती' आहे, अजून चालू. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी उपासमारीतून शेकडो मुली तिथे आणल्या. त्यांना पोसायला पैसे कुठून येणार याचा पक्का बंदोबस्त नव्हता. देव देईल, एवढ्यावर त्यांनी ते चालवलं. हे वाचल्यावर मित्राच्या बाबतीत मी एक प्रश्न वहीत लिहून ठेवला होता: देवावर भरवसा ठेवून आपण स्वतःची भाकरी पणाला लावतोय, की दुसऱ्याची? रमाबाईंनी तर उलट दुसऱ्यांना भाकरी दिली. हा प्रश्न मी त्याला विचारणारच होते, पण माझ्याआधी दुसऱ्याच माणसाने विचारला.

तो माणूस म्हणजे त्याचे वडील. इतका वेळ त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही, कारण तेही काही बोलत नव्हते. गळ्यात तुळशीची माळ, बावीस वर्षांची वारी, कधी चुकवली नाही. मुलगा आळंदीला जातो म्हणाला तर सगळ्यात आधी खूश व्हायला हवा असा माणूस. पण त्या फोननंतर त्यांनी मुलाशी बोलणंच बंद केलं. तीन आठवडे. काकू म्हणायच्या, 'ते रागावले असते तर बरं झालं असतं.'

पालखी पुण्यात मुक्कामाला होती तेव्हा एका संध्याकाळी तो मला म्हणाला, 'चल माझ्यासोबत. एकट्याला धीर होत नाहीये.' तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात असते, पण दिंड्या जागा मिळेल तिथे उतरतात. त्याच्या गावची दिंडी एका शाळेत होती. व्हरांड्यात धोतरं वाळत होती, कुणी पायाला तेल चोळत होतं, मोबाइल चार्जिंगच्या एका बोर्डाला अकरा वायर लटकल्या होत्या. एका वर्गात, फळ्याखाली, त्याचे वडील बसले होते.

तो आत गेला आणि पाया पडला. आणि मग ते घडलं जे वारीत रोज लाखो वेळा घडतं, पण मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. त्याचे वडील वाकले आणि मुलाच्या पाया पडले. 'माउली' म्हणाले. मग माझ्याही. वारीत लहान-मोठं नसतं, समोरच्याला नमस्कार करायचा, हे मी लेखाच्या तयारीत वाचलं होतं. तरी मला कुठे बघावं कळेना.

'बस,' ते म्हणाले. तो बसला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेजारच्या वर्गात टाळ वाजत होते.

'तुकोबानं किती खतं बुडवली?' त्यांनी विचारलं.

'अर्धी.'

'कुणाच्या वाटणीची?'

'त्यांच्या स्वतःच्या.'

'तुज्या कर्जाच्या कागदावर माजी बी सही हाय.'

शैक्षणिक कर्ज चार लाखांचं आहे, वडील सहकर्जदार. तुमच्यापैकी किती जणांचं असंच आहे मला माहीत आहे, कारण माझंही आहे. कोर्स संपल्यावर वर्षभर हप्ता नाही, पण व्याज चालूच राहतं. मुलाने नाही भरलं तर बँक बापाकडे येणार. हे सगळं त्यांनी त्या एका वाक्यात सांगितलं. मी आठवडाभर देहू, नगर, केडगाव करून जे वहीत लिहिलं होतं, ते त्यांना आधीच माहीत होतं.

'मी फेडीन,' तो म्हणाला.

'कशानं? कीर्तनाचं पैसं घेणार?'

हा साधा प्रश्न नाही. हरिकथा विकू नये, तिचे पैसे घेऊ नयेत, याबद्दल तुकोबांनी अतिशय कडक शब्दांत लिहिलंय. आणि आजचे मोठे कीर्तनकार एका कीर्तनाचे किती घेतात याच्या गप्पा प्रत्येक गावात होतात. वडिलांनी मुलाला अशा ठिकाणी गाठलं होतं की 'हो' म्हटलं तर आळंदीला जायचं कारणच संपतं आणि 'नाही' म्हटलं तर हप्ता राहतो.

तो बराच वेळ जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, 'नाही घेणार.'

वडिलांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला लावता आला नाही. मला वाटलं होतं रागावतील. रागावले नाहीत. खूश झाले असंही म्हणता येणार नाही.

'मंग?'

'मला माहीत नाही.'

'आता खरं बोललास,' ते म्हणाले. थोड्या वेळाने हात पुढे केला. 'कंपनीचा कागद आणलास का?'

त्याने आणला होता. का आणला होता, मी नंतर विचारलं, तर म्हणाला, 'फाडून दाखवावा असं वाटत होतं. हिंमत झाली नाही.' वडिलांनी तो कागद चष्मा लावून वाचला. इंग्रजी होता. तरी शेवटपर्यंत बोट फिरवलं, जिथे आकडा होता तिथे थांबले. मग त्याच्या चार घड्या घातल्या आणि टाळांच्या पिशवीत ठेवला.

'पंढरपूरला ये,' म्हणाले. 'चालत ये नायतर यष्टीनं ये. तिथं बोलू.'

आम्ही बाहेर आलो तेव्हा रस्त्यात इतकी गर्दी होती की लक्ष्मी रोडपर्यंत यायला पाऊण तास लागला. तो काही बोलला नाही. स्वारगेटला माझ्याकडून पन्नास रुपये मागून घेतले आणि म्हणाला, 'लिहून ठेव, देणं आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला, लोणी काळभोरच्या वाटेवरून. चालत निघाला होता, वडिलांच्या दिंडीच्या मागे, दोन दिंड्या सोडून.

तुम्ही हे वाचाल तेव्हा पालखी यवतची पिठलं-भाकरी खाऊन पुढे सरकली असेल. कंपनीत जॉइन व्हायची तारीख आषाढीनंतरच्या दुसऱ्या सोमवारची आहे. काकूंचा काल पुन्हा फोन आला होता. 'पायाला फोड आलेत म्हणे त्याच्या. बापानं तेल दिलं लावायला. बोलले का काही, तुला कळलं का?'